वर सरकणारा डाग

आमच्या चिमीला नववीपर्यंत धड एक बरणी काढता येत नव्हती. काढली की ती एका कुशीवर कललेली. "अगं, हिला चक्कर आलीय का?" मी विचारायचे. मी तिची आत्या, भावाच्याच घरात राहते, तेव्हा तोंड चालवायचा हक्क माझा.

मग शाळेत चित्रकलेच्या नव्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, "बरणी सोड. रंगावर रंग चढव आणि काय होतं ते बघ." झालं! पोरगी सुटलीच. पांढऱ्यावर राखाडी, त्यावर परत पांढरा, मग पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचं. चित्रात ना झाड ना माणूस. तरी बघणारा आपोआप हळू आवाजात बोलायला लागायचा. मला तर त्या चित्रांकडे पाठ करून बसायला नको वाटायचं.

कारण त्या पांढऱ्यातून दरवेळी एक पिवळट गोळा वर यायचा, आणि तो मी ओळखत होते.

चिमीच्या खोलीत तो भिंतीवर आहे. तिचा दादा तेल लावलेलं डोकं तिथे टेकून उभा राहायचा आणि तासन्‌तास गप्पा हाणायचा. तो तापाने गेला तेव्हा अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. माझा भाऊ रंगारी. त्याने लगेच भिंत रंगवली. डाग वर आला. परत रंगवली, परत आला, असं वर्षानुवर्षं. दादाचं नाव घरात काढायचं नाही, असं कुणी न बोलताच ठरलं होतं. मीसुद्धा तोंड शिवून घेतलं. मला ते जमलं, याचंच नवल.

पण डाग जागेवर राहिना. दरवेळी थोडा वर उमटायचा. चिमीनेच दाखवलं. "आत्या, हा आधी खिडकीच्या कडीच्या खाली होता ना?" "गप गं, काहीतरीच तुझं!" म्हणाले खरी, पण नंतर त्या खोलीत केर काढायलाही मी एकटी जात नव्हते. चिमी मात्र त्याच्याच समोर बसून रंगवायची. भीती नाही वाटत का, विचारलं तर म्हणाली, "काढत असले की नाही वाटत."

दहावीत शाळेच्या प्रदर्शनात तिला अख्खी भिंत मिळाली. तिला एकच हवं होतं, बाबांनी यावं. "बाकी कुणी नाही आलं तरी चालेल, आत्या." आणि आमचे बंधुराज! पोरीचं एक चित्र कधी धड बघितलं नव्हतं. तिने समोर धरलं की याला नेमके ब्रश धुवायचे आठवायचे. शेवटी मीच भडकले. "लोकांच्या भिंती बघत फिरतोस, पोरीची एक बघायला काय धाड भरलीय?" तेव्हा कुठे आला.

चिमीने ज्या क्रमाने चित्रं काढली, त्याच क्रमाने बाईंनी ती लावली होती. गोळा एकेका चित्रात वर चढत गेलेला. भाऊ पहिल्यापाशी थांबला, मग सरकत सरकत शेवटच्यापर्यंत गेला, आणि त्याचा हात स्वतःच्या खांद्यावर गेला. तिथे कुणी टेकलं असावं तसा.

"बाबा," चिमी म्हणाली, "तेलकट डागावर आधी लाखेचा हात मारला तर तो परत वर येत नाही ना? बाई म्हणाल्या."

"नाही येत."

"लोकांकडे तुम्ही मारता. मग आपल्या भिंतीवर का नाही मारला?"

चित्रावरची नजर न काढता तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "लाख मारली की थांबेल तो. आत्ता कुठे माझ्या खांद्याला लागायला लागलाय."

बाई गं! एवढी वर्षं हा माणूस भिंत रंगवत नव्हता, पोराला वाढवत होता.

चिमी रडेल असं मला वाटलं. ती पुढे झाली आणि बापाच्या आणि चित्राच्या मधे ताठ उभी राहिली.

"मीपण लागते तुमच्या खांद्याला, बाबा. कधीपासून, ते आत्याला विचारा."

त्याने मला विचारलं नाही. हात उचलून तिच्या डोक्यावर टेकवला, आणि तिथून सरळ आपल्या खांद्यापर्यंत आणून बघितला. लेकीची उंची त्याला खरंच माहीत नव्हती.