देव्हाऱ्यातली राणी

हस्तिदंताच्या चकतीवरचं ते रुपयाएवढं चित्र बायकोनं माहेराहून आणलेलं. तिला त्यातली बाई देवीच वाटायची. रोज आंघोळ झाली की ती चित्राच्या कपाळाला कुंकू लावायची.

ती गेली, आणि महिन्याभरात पोरगा जुन्या चित्रांच्या एका जाणकाराला सोलापूरहून घेऊन आला.

"आबा, ही देवी न्हाय. कुठल्यातरी संस्थानाची राणी हाय. कुंकू पुसून घेऊ."

"आसंल राणी. पण कुंकू तुझ्या आईच्या बोटाचं हाय. हात लावू नको."

"चित्र खराब होईल," जाणकार म्हणाला.

"होऊ द्या."

"तुमाला पूजा तरी कुटं येती?" पोरगा हसला.

न्हाय येत. तरी तिच्या कुंकवावर आता रोज मीच कुंकू लावतो. माझं बोट जाड, राणीचे डोळेसुद्धा झाकतात. झाकू देत. माझ्या घरात ती देवीच राहणार.