दहा वजा चार अधिक तीन

मी आयुष्यभर गणित शिकवलं आणि आता नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं माझा धाकटा भाऊ विलास म्हणतो.

विलास मालेगावला सुताचा व्यापार करतो. फोनवर तासभर बोलेल, पण मेसेज लिहायचा म्हटलं की तार केल्यासारखा! मागच्या हिवाळ्यात घरची दहा माणसं मोठी गाडी करून त्र्यंबकेश्वरला जाणार आणि परतताना माझ्याकडे जेवणार, असं ठरलं. दहा! माझ्या घरात एरवी दुसरा आवाज म्हणजे कुकरचा. आदल्या दिवशी त्याचा मेसेज आला : 'ताई, १० - ४ + ३.' बस्स!

दुसऱ्या कोणी फोन करून विचारलं असतं. पण मी गणिताची बाई! दहातून चार गेले, सहा राहिले. त्यात तीन आले, नऊ झाले. (खरं सांगू? फोन केला तर आकडा खाली येईल, अशी धास्तीही होती.)

आता हे नवे तिघं कोण? अर्थातच विलासच्या मुलीसाठी आलेलं स्थळ! नाहीतर ऐनवेळी तिघं कशाला वाढतील? मी शेवभाजीचं भलंमोठं पातेलं चढवलं, श्रीखंड केलं, शेजारच्या जोशीबाईंकडून खुर्च्या आणल्या आणि चक्क पैठणी नेसून दारात उभी राहिले.

लिफ्टमधून विलास, त्याची बायको मंदा आणि आमची आत्या, एवढेच बाहेर आले. लिफ्टचं दार बंद झालं.

"बाकीचे पार्किंगमध्ये का रे?"

"कोण बाकीचे?"

"अरे, नऊ जण ना तुम्ही?"

"नऊ? तीन! आधी चौघांचं रद्द झालं, मग आणखी तिघांचं. दहा वजा, चार अधिक तीन. सोपं तर आहे!"

"मग चार अधिक तीनला कंस कुठाय?"

"कंस? मथुरेत!"

मंदा हसली. मी नाही हसले. तिथेच, हातात डाव घेऊन, माझा तास सुरू झाला. "वजा फक्त चारच्या मागे आहे! तीनच्या मागे अधिक आहे! तीनही वजा करायचे तर कंस हवा!"

"तूच शिकवलंस ना, कंचेभागुबेव? कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. बेरीज आधी!"

"बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच असतो, गाढवा! डावीकडून जे आधी येईल ते आधी! चौघं गेले, ते गेले. पण हे तिघं कुठे गेले?"

आत्याला कमी ऐकू येतं. तिने नेमकं शेवटचंच ऐकलं. "चौघं गेले? आन वर आणखी तिघं? आन मला कोणी सांगितलं नाय!" असं म्हणून तिने जो हंबरडा फोडला, की जोशीबाई धावत आल्या. बघतात तो काय, रिकाम्या खुर्च्यांची रांग, रडणारी म्हातारी आणि पैठणीतली मी!

आत्याला श्रीखंड भरवून शांत केलं. "सगळे जिवंत आहेत," मंदा तिच्या कानात ओरडली, "फक्त आले नाहीत!"

जेवणं झाली. तिघांनी तिघांइतकंच खाल्लं. निघताना विलास दारात घुटमळला. "ताई, चल आमच्याबरोबर मालेगावला. राहा चार दिवस. गाडी रिकामीच आहे."

माझी बॅग भरायला कितीसा वेळ लागला असता? एक पाऊल आत वळलंही होतं. पण तोंडातून निघालं, "आधी कबूल कर, उत्तर नऊच."

"तीन," विलास हसत म्हणाला.

"मग मी येत नाही."

तो पुन्हा म्हणेल म्हणून मी थांबले. पण आत्या गाडीत बसून हाका मारत होती. तो गेला.

उत्तर माझंच बरोबर होतं, कोणत्याही पुस्तकात बघा! संध्याकाळी शेवभाजी गरम केली आणि आम्ही दोघंच जेवलो. मी आणि माझं बरोबर उत्तर.