वादीतल्या सिस्टर

कुठेही गेल्या की सिस्टर आधी मान वर करून बघायच्या. मॉल असो, बँक असो, कुणाचं नवं घर असो, जिना दिसेपर्यंत त्यांचं आपल्या बोलण्याकडे लक्ष नसायचं. "आधी वर जायची वाट बघायची, मग बाकीचं," असं म्हणायच्या. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

जेद्दातल्या आमच्या इस्पितळात त्या आयसीयूच्या मुख्य सिस्टर होत्या आणि मी लॅबमध्ये. त्या कोकणातल्या खाडीकाठच्या, वय पन्नाशीच्या पुढे, एकट्या. अख्खं इस्पितळ त्यांना नुसतं 'सिस्टर' म्हणायचं, त्यामुळे नाव फक्त त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, उरलं होतं.

दर शुक्रवारी पहाटे त्या बायकांना घेऊन डोंगरात जायच्या. सुरुवातीला तिघीच होतो, मग अकरा झालो. त्यात नर्सेस होत्या, शाळेतल्या शिक्षिका होत्या, बारा बारा वर्षं इथे राहून घर आणि मॉल यापलीकडे काही न पाहिलेल्या गृहिणी होत्या. अमल नावाची आमच्या फार्मसीतली सौदी मुलगीही यायची. तिला त्या भागातल्या साऱ्या वाद्या ठाऊक होत्या. वादी म्हणजे दोन डोंगरांमधलं कोरडं नदीपात्र. सिस्टर नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगायच्या, "आपल्याकडे वाडीत माणसं राहतात. इथल्या वादीत कुणी राहत नाही. का राहत नाही, ते चालताना डोक्यात ठेवायचं."

त्या प्रत्येक फेरीचं चित्रीकरण करायच्या. पण अमलच्या आईला मुलीचा चेहरा पडद्यावर नको होता, आमच्यातल्या दोघींच्या नवऱ्यांनाही नको होता. सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी कॅमेरा खाली वळवला आणि नुसते पाय टिपले. दगडावर चाचपडणारे, घसरणारे, पुन्हा रोवले जाणारे पाय. महिन्यातून एकदा जेवणं झाल्यावर आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये पडदे ओढून, भिंतीवर पांढरी चादर ठोकून आम्ही ते बघायचो. एकदा एक गृहिणी उठून चादरीजवळ गेली. "ही मी आहे? एवढ्या उंच?" तिने तो तुकडा तीनदा लावायला सांगितला. पुढच्या शुक्रवारी तिची जाऊही आली. आमचा कंपू असाच वाढला.

सिस्टर धीट आहेत, त्यांना कशाचीच भीती वाटत नाही, असं आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आम्ही मोठा हॉल घ्यायचं ठरवलं. पहिल्यांदाच घरच्यांना बोलावून सिनेमा दाखवायचा होता. शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता. जेद्दाच्या उत्तरेला राबिघ गाव आहे, त्याच्या पूर्वेला एका वादीत खूप आत पाण्याचा डोह आहे, तिथे पोचणारे अकरा जणींचे पाय आम्हाला हवे होते.

आमच्या व्हॅनचे ड्रायव्हर पेशावरचे चाचा. निघताना सिस्टरनी त्यांना दोनदा बजावलं, "चाचा, गाडी ऊपर ही रखना. नीचे नहीं लाना." चाचांनी मान हलवली.

डोह अजून अर्ध्या तासावर असताना त्या थांबल्या. डोक्यावर आकाश निळंभोर होतं. पण दूर, डोंगरांच्या मागे, शाईचं बोट पुसल्यासारखा एक पट्टा होता. वारा एकदम गार झाला होता. समोरच्या कड्यावर बकऱ्या वर वर सरकत होत्या. त्यांना हाकणारं कुणी दिसत नव्हतं.

"आज परत फिरू या," सिस्टर म्हणाल्या.

आणि मी म्हणाले, "सिस्टर, एवढं आलोय. हा एकच तुकडा राहिलाय. पाऊस पडला तरी तो तिकडे लांब."

बाकीच्यांनीही री ओढली. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ऐकलं. "दहा मिनिटं जास्त थांबायचं नाही," एवढंच बोलल्या.

डोहाशी पोचलो. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे खडे मोजता आले असते. सिस्टर वाकून पाय टिपत होत्या. मी त्यांच्या शेजारी होते, म्हणून मला दिसलं. वरच्या खडकांतून बोटभर गढूळ धार उतरली. तिच्यावर फेस होता आणि फेसात हिरवा पाला. डोहाच्या वरच्या अंगाला मैलभर हिरवं झाड नव्हतं.

"वर," सिस्टर म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "सामान टाका. वर चढा."

आम्ही हातापायांवर चढलो. अमल पुढे होती, ती एकेकीला ओढून घेत होती. उंच कपारीवर पोचल्यावर तिने मोजलं. अकरा. तेवढ्यात जमीन गुरगुरायला लागली.

तिथून वादीचं खालचं वळण दिसत होतं. आम्हाला परतताना कमी चालावं लागावं म्हणून चाचांनी व्हॅन खाली, अगदी जवळपर्यंत आणली होती. पात्रातल्या एका बाभळीच्या सावलीत ती उभी होती. दार उघडं, आणि दारातून बाहेर आलेले चाचांचे पाय. ते झोपले होते. आम्ही अकराजणी जिवाच्या आकांताने ओरडलो. त्या गुरगुराटात आमचे आवाज चाचांपर्यंत पोचेनात.

सिस्टरनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. "पुन्हा मोज," त्या अमलला म्हणाल्या, "आणि एकीलाही खाली येऊ देऊ नको." मग त्या उतरल्या.

आम्ही वरून बघत राहिलो. त्यांनी चाचांना कॉलर धरून उठवलं. चाचांचा गुडघा अधू होता. त्यांना खडकावर चढवायला सिस्टर खालून खांदा लावत होत्या. चाचा वर पोचले, वळले, त्यांनी हात दिला. मग वळणावरून ते आलं. त्याला पाणी म्हणवत नाही. चिखल, धोंडे, झाडं आणि कुणाचं तरी रिकामं पिंप, असं सगळं एकत्र उभं राहून आलं.

"उनका हाथ मेरे हाथ में था," चाचा नंतर पोलिसांना सांगत होते. "फिर नहीं था." दुसरं काही त्यांना सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वादी जिथे समुद्राकडे पसरते तिथे, सिस्टर सापडल्या. आठवड्याने त्यांना गावी पाठवलं.

मोठ्या हॉलमधला खेळ आम्ही रद्द केला नाही. घरची माणसं आली, अमलची आईही आली. आधीच्या फेऱ्यांचे पाय दाखवले. शेवटच्या दिवसाचं काही दाखवलं नाही. ते फक्त मी आणि अमलने पाहिलं होतं. कॅमेरा माझ्या गळ्यात चालूच राहिला होता. चित्रात नुसता खडक आहे. पण आवाज आला आहे. तो माझ्या गळ्यात अडकवताना, त्याच्या अगदी जवळ तोंड असताना, सिस्टर हळू, स्वतःशीच म्हणाल्या होत्या, "आई गो, पाणी." त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

महिन्याभराने त्यांच्या आईचा फोन आला. ऐंशीच्या पुढच्या, पण बोलणं खणखणीत.

"तिचा सिनेमा तुझ्याकडे आहे म्हणे."

"हो काकू. पाठवते."

"तो नको. माका एवढाच सांग, ती घाबरली होती काय?"

नाही, असं म्हणणं सोपं होतं. तेच म्हणायला मी तोंड उघडलं.

"खोटा सांगू नको गो," त्या म्हणाल्या.

"घाबरल्या होत्या, काकू. खूप."

"तरी उतरली?"

"उतरल्या." आणि मग मला राहवलं नाही. "काकू, त्या परत फिरू या म्हणत होत्या. मीच थांबवलं त्यांना."

मला वाटलं, त्या आता फोन ठेवतील. मग त्या बोलायला लागल्या, माझ्याशी नव्हे, आठवल्यासारख्या. शाळा खाडीच्या पलीकडच्या काठाला होती. सगळी पोरं होडीतून जायची, पाच मिनिटांत. ही पाण्याला भिऊन होडीत पाय ठेवायची नाही. मारलं, समजावलं, उपयोग झाला नाही. सात वर्षं ती एकटी डोंगराच्या अंगाने वळसा घालून, वरच्या पुलावरून चालत शाळेत गेली. पहाटे निघायची, दप्तर डोक्यावर घेऊन, आणि आई दारात उभी राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत असायची.