साताची गाडी आणि नववीचा भूगोल

शिक्षकाचे किस्से पाठ्यपुस्तकाच्या समासात साठतात. मुलं काहीतरी बोलून जातात, आपण पेन्सिलीने बाजूला टिपून ठेवतो, आणि वर्ष सरेपर्यंत छापील मजकुरापेक्षा समास जास्त वाचनीय होतो! दिल्लीत भूगोलात एम.ए. करून मी मालवणजवळच्या माझ्या गावी परतले, इथल्याच हायस्कूलवर लागले. माझ्या नववीच्या पुस्तकात आता टिपायला जागा उरलेली नाही. म्हणून हे इथे.

*

पहिल्याच आठवड्यात फळ्यावर तीन रकाने आखले : प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक व्यवसाय. म्हटलं, प्रत्येकाने आपल्या वडिलांचा व्यवसाय योग्य रकान्यात लिहायचा.

ओंकार खडू घेऊन उभाच राहिला.

"काय रे, वडील काय करतात?"

"मॅडम, पावसात भातशेती. दिवाळीनंतर पर्यटकांका रिक्षातून मालवण दाखवतत. आणि एप्रिलपासून घरात काजू फोडूचो कारखानो."

"मग कुठे लिहिणार?"

त्याने फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, बाबा एकच आसत. रकाने कमी करा!"

दिल्लीत आम्ही अशा माणसाला 'अनौपचारिक क्षेत्र' म्हणायचो. इथे त्याला नुसतं कष्टाळू म्हणतात.

*

तन्वी आमच्या वर्गातली सर्वांत कमी बोलणारी मुलगी. ती वरच्या वाडीतली. वाडी डोंगराच्या माथ्यावर, शाळा पायथ्याशी. सकाळी साताची एसटी गाडी वाडीतल्या अकरा मुलांना घेऊन खाली येते. जूनपासून ही फेरी बंद होणार, असं डेपोचं पत्र आलं, त्या दिवशी तन्वी मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसली होती.

"बाबा म्हणतत, गाडी बंद तर शाळा बंद," ती म्हणाली. "मगे मामाकडे, कल्याणाक. थंय घरकामाक मदत होतली."

"आणि दहावी?"

तिने डबा तसाच दप्तरात टाकला. मी त्याच दिवशी डेपोला अर्ज लिहिला. आमचे मुख्याध्यापक परब सर तो वाचून म्हणाले, "बाई, ह्यात 'सामाजिक न्याय' तीनदा इलो, गाडयेची वेळ एकदाव नाय!"

*

मग ठरवलं, भावनेने नको, आकड्यांनी लढायचं. मुलांना घेऊन वरच्या वाडीत सर्वेक्षणाला गेले. पहिलं घर गंगाआजीचं. ओट्यावर आजी, अंगणात एक मांजर.

"आजी, घरात किती माणसं?"

"चौदा."

मी आत डोकावले. चुलीवर एक टोप, दांडीवर एक लुगडं.

"आजी, चौदा कुठे आहेत?"

"पाच ठाण्याक, चार विरारात, चार बडोद्याक. आणि मी."

"अहो, पण इथे राहणारी किती?"

आजी उखडली. "गो बाय, घर खंय आसा तां विचारतंस की झोपतत खंय तां? मोजूक येवचा तर गणपतीत ये! तेवा तुका उभी रवाक जागा गावली तर सांग!"

परत येताना ओंकार म्हणाला, "मॅडम, आजयेचा बरोबर आसा. लोकसंख्येची घनता महिन्यावर अवलंबून."

हे वाक्य पुस्तकात नाही. असायला हवं!

*

बाजारपेठेचं प्रभावक्षेत्र शिकवताना मी मालवण आणि कुडाळभोवती कंपासने सुबक वर्तुळं काढली. सिद्धांत सरळ आहे : माणूस जवळच्या बाजारात जातो. तन्वीने हात वर केला. तिचा हात वर गेला की अख्खा वर्ग मागे वळून बघतो, इतकं ते दुर्मीळ.

"मॅडम, आमका मालवण जवळ. पण आमची वाडी कुडाळच्या बाजारात जाता."

"का बरं?"

"वाडीतल्यो सगळ्यो आत्ये कुडाळाक दिल्यात. बाजार करूचो, आत्येकडे जेवूचा, येताना तिका माहेरचे नारळ पोचवूचे. मालवणात जेवूक कोण घालतलो?"

दुसऱ्या दिवशी तिने नकाशा आणला. दुकानं निळ्या ठिपक्यांनी, आत्यांची घरं लाल. वाडीपासून निघालेली प्रत्येक रेघ लाल ठिपक्यावरून जात होती. मी माझी वर्तुळं पुसली. तो नकाशा आजही वर्गात लावलेला आहे. दिल्लीतल्या माझ्या प्राध्यापकांना त्याचा फोटो पाठवला, तर त्यांनी उलट विचारलं, "संशोधक कोणत्या विद्यापीठात आहे?"

*

'स्थलांतराचे प्रकार' हा धडा. कायमचं, हंगामी, ऐच्छिक, सक्तीचं. मी विचारलं, "यात काही राहिलं का?"

"गावपळण!" अख्खा वर्ग एका सुरात.

खरंच की! आमच्या गावात दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. पलीकडच्या माळावर झोपड्या उभ्या राहतात, गावात चूल पेटत नाही, शाळा बंद. लहानपणापासून मी ते करत आले, याही हिवाळ्यात केलं, आणि स्थलांतरावर प्रबंध लिहिताना मला ते एकदाही आठवलं नव्हतं!

"हे ऐच्छिक की सक्तीचं?" मी विचारलं.

"देवाच्या हुकमाचा, पण मजेचा," ओंकार म्हणाला.

सगळे हसले, तन्वी सोडून. ती बाकावरून उठली, टेबलावरचं डेपोचं पत्र उचललं आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. फेरी बंद करण्याआधी डेपोने तीन दिवस प्रवासी मोजले होते. तारखा दिल्या होत्या. पुढे प्रवासीसंख्येच्या जागी एकच शब्द होता : निरंक.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्या तीन दिवसात आपण माळावर होतो."

मी तिला घेऊन ऑफिसात गेले. परब सरांनी पत्र हातात घेतलं, चष्मा वर केला. "निरंक? अगो, निरंक म्हणजे काय! त्या दिवसांत गावात कुत्रोव नव्हतो!"

*

नवा अर्ज सहा ओळींचा होता. तो तन्वीने लिहिला. डेपोच्या साहेबांचं उत्तर आलं : पुन्हा मोजणी करू, सोमवारी मी स्वतः त्या गाडीने येतो. साहेब दुसऱ्या जिल्ह्यातले, सरळ माणूस. गावपळणीबद्दल त्यांनी फोनवर दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सोमवारी मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. गाडी आली ती एका बाजूला कलून! दार उघडलं आणि आतून अख्खी वरची वाडी उतरली. इस्त्रीचे शर्ट, ठेवणीतली लुगडी, भजनी मंडळ पखवाजासकट. गाडी वाचवायची म्हणून घराघरातले सगळे आले होते. साहेबांनी म्हणे वाटेत गंगाआजीला विचारलं, "आजी, कुठे उतरणार?"

आजी म्हणाली, "तू म्हणशीत थंय!"

सगळ्यात शेवटी घामाघूम साहेब उतरले. त्यांच्यामागे कोणी नव्हतं.

ऑफिसात परब सरांनी चहा मागवला. साहेबांनी वही उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सर, ही फेरी शाळेसाठी मंजूर आहे. प्रवासी मावत नव्हते, मान्य. पण विद्यार्थ्यांचा रकाना मी कसा भरू? एकही विद्यार्थी नव्हता." त्यांनी त्या रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

परब सर माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे.

तेवढ्यात दारात तन्वी आली. केस सुटलेले, चपला लाल मातीने भरलेल्या, मागे पायऱ्यांवर वाडीतली बाकीची दहा पोरं धापा टाकत बसलेली.

"काय गं, तुम्ही चालत आलात?" साहेबांनी विचारलं. "गाडीत का नाही बसलात?"

तन्वीने परब सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग सरळ साहेबांना म्हणाली,

"काका, आज गाडी तुमका दाखवूक भरलेली. आमका जागाच नाय गावली. आमी रोजचे."

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.