उष्टं उचलण्याची ड्युटी

"बाई, हे बी उचला."

नववीतल्या पोरीनं ताट माझ्याकडं सरकवलं. जिलेबीचा पाक, चावून टाकलेली शेंग, वरणात कालवून सोडलेला भात. ती आमच्या संस्थेच्या सचिवसाहेबांची पुतणी. आदल्याच दिवशी मी तिला फळ्यावर पायथागोरस शिकवला होता. तिच्या आवाजात राग नव्हता, की माज नव्हता. ताट उचलणाऱ्या बाईशी बोलायची तिच्या घरची जी रीत, त्या रीतीनं ती बोलली.

वार बुधवार. शाळेचा दिवस. अर्धापूरच्या पुढं साहेबांचं शेत आहे, केळीच्या बागांमध्ये. तिथं त्यांच्या नातवाचं जावळ होतं. आमची शाळा अनुदानित. पगार सरकारचा, मालकी साहेबांची. दुसऱ्या तासानंतर पोरं घरी हाकलली आणि स्टाफ शेतावर नेला. त्याआधी हेडसरांनी दिवसभराच्या हजेरीवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मीही केली. ड्युटीची यादी शाळेच्याच कॉम्प्युटरवर टाइप केलेली. पीटीचे सर पाण्याला. चित्रकलेचे पठाण सर गाड्या लावायला. महिला शिक्षिका स्वयंपाकाला.

मी पदर खोचून चुलीजवळ गेले. लाटणं हातात घेतलं, तोवर साहेबांची बायको, सगळे तिला वहिनीसाहेब म्हणतात, माझ्याकडं बघून म्हणाली,

"तुमचं आडनाव काय म्हणलात?"

मी सांगितलं.

तिनं माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. अलगद, बोटाला बोट लागू न देता.

"मग तुम्ही बाहेर बघा. ताटं उचलायला माणूस कमीच हाय."

पाच जणी पुऱ्या लाटत होत्या. सगळ्या पदवीधर. एकीनं वर बघितलं अन् लगेच खाली. लाटणी थांबली नाहीत.

माझ्या आईनं नांदेडच्या मंगल कार्यालयात जन्मभर उष्टी काढली. त्यावरच माझं बी.एड. झालं. ती मला कधीच सोबत नेत नव्हती. "तू पुस्तक घे," म्हणायची. आणि आता मी टब घेऊन पंगतीत फिरत होते.

लोक विचारतात, उचललीच का? तर ऐका. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून राबायचं, मग नोकरी कायम होते. माझे दोन महिने राहिले होते. काम समाधानकारक असल्याच्या दाखल्यावर सही साहेबांची. म्हणून उचलली. पठाण सर गाड्यांच्या धुळीतून जवळ येऊन हळूच म्हणाले होते, "बेटी, सही होईस्तोवर दम काढ. मी बावीस वर्षांपासून काढून राहिलो." सरांच्या दाखल्यावर सही होऊन एकोणीस वर्षं झाली होती. तरी ते उन्हात उभं राहून जीपगाड्यांना हात दाखवत होते. दम काढता काढता माणसाचं काय होतं, ते मी बघत होते.

दुसऱ्या पंगतीत साहेबांनी मला हाक मारली. शेजारी लातूरचा कुणी पुढारी बसला होता.

"ह्या आमच्या गणिताच्या बाई. लई कामाच्या."

पुढारी माझ्या हातातल्या टबाकडं बघत म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं ताटं उचलायला बी बी.एड. लागतंय का?"

अख्खी पंगत हसली. आणि मीही हसले. सगळ्या दिवसात मला सगळ्यात किळस येते ती त्या हसण्याची.

त्याच हसण्यात पोरीनं ताट सरकवलं.

मी टब खाली ठेवला.

"मी तुझी बाई हाय. तुझं ताट तू उचल."

पोरगी उठली. ताट घेऊन हौदाकडं गेली. साहेबांचा हात पानावरच थांबला.

"काय म्हणलात?"

"पुतणीला शिकवून राहिले, साहेब. तेवढंच माझं काम हाय."

हात धुतले. फाट्यापर्यंत चालत गेले आणि एसटीत बसले. हाताचा वास साबणानं गेला नाही.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी कोरा कागद पुढं केला. "दोन ओळी लिहा. चूक झाली, माफी असावी. विषय संपला."

टेबलावर तासांचं रजिस्टर उघडं होतं. बुधवारी सातही तास झाल्याची नोंद. माझ्या नावापुढं दुपारचे दोन तास गणित. खोटं, निळ्या शाईत, सुबक अक्षरात.

मी पेन घेतलं आणि त्या नोंदीखाली लिहिलं : "बुधवारी दुसऱ्या तासानंतर शाळा सोडली. मी गणित शिकवलं नाही. सचिवांच्या शेतावर उष्टी ताटं उचलली." खाली सही.

"बाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?" हेडसरांनी रजिस्टर ओढलं. तोवर मी मोबाइलवर फोटो काढला होता. त्याच दुपारी नांदेडला शिक्षण विभागात तक्रार दिली. आडनाव विचारलं तेही लिहिलं, लाटणं काढून घेतलं तेही. माझ्या प्रतीवर शिक्का मारताना बाबू म्हणाला, "मॅडम, मिटवून घ्या. पूर्ण आयुष्य पडलंय."

दाखला अडला. नोटीस आली : संस्थेची बदनामी, गैरवर्तन. स्टाफरूममध्ये माझ्या बाजूची खुर्ची रिकामी असते. पुऱ्या लाटणाऱ्या पाचही जणींनी लिहून दिलं की असं काही घडलंच नाही. पठाण सरांनी त्या कागदावर सहीही केली नाही आणि माझ्या बाजूनं साक्षही दिली नाही. ते आता मला पाहिलं की चित्रांच्या कपाटाकडं तोंड करतात.

पुढच्या आठवड्यात शिक्षण विभागात सुनावणी आहे. साहेबांचा निरोप आला, गैरसमज झाला म्हणा, लगेच कायम करतो. मी नाही म्हणून कळवलं. तिथं मी उभी राहून एकेकाचं नाव घेणार आहे. त्या दिवशीच्या खोट्या हजेरीवर माझीही सही आहे. कारवाई करायचीच असेल तर पहिली माझ्यावर करा, म्हणणार आहे. पण ड्युटीच्या यादीतलं एकही नाव सुटू देणार नाही.