जेरुझाला मत देऊ नका

जेरुझानं निवडणुकीला उभं राहावं हे मला पहिल्यापासून पटलं नव्हतं, आणि मी ते तिच्या तोंडावर बोलले. माझी टॅपिओकाची, म्हणजे साबुकंदाच्या पिठाची घावनं विकायची चूल आमच्या टेकडीच्या पायऱ्यांच्या तोंडाशीच आहे. वर-खाली करणाऱ्या प्रत्येकाला माझं ऐकूनच पुढे जावं लागतं. मी म्हटलं, बाई गं, शाळेत पोरांचं जेवण रांधतेस तेच बरं आहे; विधानसभेत गेलेलं माणूस परत या पायऱ्या चढलेलं मी तरी पाहिलं नाही. ती हसली आणि घावनात खोबरं जास्त घाल म्हणाली.

पण तिला मागे खेचायची माझी छाती नव्हती, कारण ती कशासाठी उभी राहतेय ते सगळ्या रेसिफे शहराला ठाऊक होतं. एका जूनमध्ये भर दुपारी कडा खचला आणि तिची धाकटी बहीण निल्देते दोन पोरांसकट मातीखाली गेली. आम्ही ताटल्यांनी, हातांनी माती उकरली. तीन दिवस जेरुझा रडली नाही. चौथ्या दिवशी तिनं दारोदार जाऊन बायका गोळा केल्या, आणि कड्याला दगडी भिंत बांधा म्हणून महापालिकेच्या दारात ठाण मांडलं. तिथून तिचं हे सुरू झालं. रस्ते अडवले, पोलिसांचे दंडे खाल्ले, नवरा कंटाळून निघून गेला. एवढं करून भिंत झाली ती निम्मी. उरलेल्या निम्म्या टेकडीवर पाऊस मुरू नये म्हणून अजून काळं प्लास्टिक पसरलेलं असतं.

उरलेली भिंत का होत नाही, तर डॉक्टर आदेर्बालमुळे. डॉक्टर म्हणे! मेल्यानं जन्मात कुणाची नाडी धरली नाही. पैसेवाला म्हणून डॉक्टर. आमच्या टेकडीवरून अख्खा समुद्र दिसतो, आणि त्याला तिथं उंच इमारती बांधायच्या आहेत. तेव्हा आमच्याच जिवाच्या काळजीनं त्याला आम्हाला तीन बस बदलून पोचावं लागतं अशा माळावर नेऊन टाकायचंय. राहणारच नाहीत तर भिंत कशाला, हे त्याचं म्हणणं.

जेरुझाला तिकीट मिळालं ते एका लहानशा पक्षाचं. बायकांचा कोटा भरायला त्यांना बाई हवी होती, तिला पक्ष हवा होता. आणि पक्षप्रवेशाची मुदत संपायच्या शेवटच्या दिवशी हा आदेर्बालही विधानसभा लढवायला त्याच पक्षात शिरला! मी म्हटलं, बघ, आता तरी सोड. ती म्हणाली, त्याचा नंबर वेगळा, माझा वेगळा. मशीनवर माझा नंबर दाबला की माझा चेहरा येतो, त्याचा नाही. मलाही ते खरं वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

मग पोरींनी भिंती रंगवल्या, बायकांनी तिचा पाच आकडी नंबर गाण्यात बसवला. दोना कोझ्माला, आमच्या टेकडीवरच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला, अक्षरओळख नाही. तिनं जेरुझाचा नंबर बोटांवर म्हणून म्हणून पाठ केला. आमच्याकडे मत देणं सगळ्यांना सक्तीचं, सत्तरीनंतर नसतं, तरी मी जाणार म्हणून हट्ट धरून बसली.

मतदानाच्या चार दिवस आधी आदेर्बालचा एक माणूस माझ्या चुलीशी येऊन उभा राहिला. घावन खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाला, "तुमच्या जेरुझाबाईंना सांगा, जोर लावा. डॉक्टरसाहेबांना तुमच्या टेकडीचा फार आधार आहे."

मला त्याचा अर्थ लागला नाही, पण त्याचं हसणं काही बरं वाटलं नाही. मी जेरुझाला सांगितलं. ती तशीच पक्षाच्या कचेरीत गेली आणि सगळा हिशोब ऐकून परत आली. आमच्याकडे मत माणसाला पडत असलं तरी ते आधी पक्षाच्या एकाच हंड्यात जातं. हंडा जितका भरेल तितक्या जागा पक्षाला, आणि त्या जागा पक्षातल्या ज्यांची मतं सगळ्यात जास्त त्यांना. आदेर्बालनं अख्ख्या राज्यात मतं विकत घेतली होती, त्यामुळे पक्षात सगळ्यात पुढे तोच. फक्त हंडा थोडा रिकामा होता. तो आमची टेकडी भरणार होती.

माघार घेते म्हणाली, तर पक्षाच्या वकिलानं मुदत गेली म्हणून सांगितलं. खरं की खोटं देव जाणे.

मग जेरुझानं जे केलं ते कुठल्या उमेदवारानं केलं नसेल. ती घरोघर फिरली आणि मला मत देऊ नका म्हणून हात जोडत सुटली. हंडा समजावून सांगितला, आवाज बसेपर्यंत सांगितला. लोक हसले. मग गंभीर झाले. कुणीतरी म्हणालं, बाईला धमकावलंय, म्हणून असं बोलतेय. झालं! तासाभरात ती अफवा टेकडीभर झाली. जे तिला मत देणार नव्हते तेही चिडून तिलाच मत द्यायला उठले. मी चुलीवरून ओरडून ओरडून सांगत होते, तर मलाच विचारलं, तुला आदेर्बालनं किती दिले? आमच्या लोकांचं हे असं. एकदा जीव लावला की अक्कल गहाण.

दोना कोझ्मानं तर तिला जवळ बसवून तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पोरी, घाबरू नकोस. तुझं तोंड दिसल्याशिवाय मी मत पक्कं करायचं हिरवं बटण दाबणारच नाही. त्याचं तोंड दिसणारच नाही, तर मत त्याला जाईल कसं?"



रविवारी संध्याकाळी, जिथं मतदान झालं त्या शाळेच्या दारावर मशीनमधून निघालेल्या मतमोजणीच्या पट्ट्या लागल्या. प्रत्येक पट्टीवर जेरुझा पहिली. टेकडीवर फटाके फुटले, बायका नाचल्या. मला मेलीला तेवढा वेळ वाटलं, काय सांगावं, आलीसुद्धा असेल निवडून. रात्रीचं जेवण व्हायच्या आत रेडिओनं सांगितलं: पक्षाला एक जागा, आदेर्बाल. दोना कोझ्मा फटाके ऐकून झोपली होती. तिला खरं सांगायला कुणाचीच जीभ उचलली नाही, जेरुझाचीही नाही. आज सांगू, उद्या सांगू करत महिने गेले.

मार्चमध्ये माणसं लाल रंगाचे डबे घेऊन आली आणि पाडायच्या घरांवर आकडे टाकत निघाली. दोना कोझ्मा दारात आडवी उभी राहिली. रंगवणाऱ्याला म्हणाली, आमची बाई विधानसभेत आहे, तिला विचारल्याशिवाय माझ्या दाराला हात लावायचा नाही. तेवढ्यात जेरुझा धापा टाकत वर आली.

"ही बघ आली. सांग गं यांना, पोरी."

जेरुझानं तिचे दोन्ही हात धरले. "दोना कोझ्मा, मी हरले. तेव्हाच हरले."

म्हातारीनं विचारलं, "तुझंच तोंड आलं होतं. मी नीट बघून दाबलं. मग माझं मत गेलं कुठं?"

जेरुझा खाली बसली आणि रडायला लागली. निल्देते गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. रंगवणाऱ्यानं दारावर आकडा टाकला.