एक इंचाची पट्टी

इमारतीत बातमी अशी होती की कपडे शिवणाऱ्या मावशीनं भाचीला जमिनीवर झोपवलं आणि तिच्या पलंगावर कोंबड्या पाळल्या. साफ खोटं. पलंग भाचीचाच राहिला. कोंबड्याही नव्हत्या, होती अंड्यातून नुकती निघालेली बावीस पिल्लं, आणि ती पलंगाच्या उशाशी, शिलाई मशीन ज्यात आलं होतं त्या खोक्यात. म्हणजे भाचीचं नाक आणि त्यांची घाण यांच्यात हातभर अंतर. त्यापेक्षा जमीन परवडली असती.

वास आधी यायचा, पिल्लं नंतर दिसायची. ओलं खाद्य, तापलेला पुठ्ठा आणि त्यावर काहीतरी आंबट, घशाला चिकटणारं. पिसांचा भुगा वहीवर, कंगव्यावर, टूथब्रशवर बसायचा. पाण्याची वाटी भरून ठेवली की एक पिल्लू तिच्यात उभं राहायचं, दुसरं तिच्यात शिटायचं, आणि तिसरं तेच पाणी मान वर करकरून चवीनं प्यायचं.

मावशी मात्र खुशीत. तिला तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे तिचं सगळं ज्ञान दातांच्या फटीतून गाळून यायचं. "शगळी दिव्याखाली जमली की शमजायचं, थंडी वाजते. कोपऱ्यात पळाली की शमजायचं, उकडतंय." आणि दोरी ओढून ती खोक्यावर टांगलेला बल्ब वरखाली करायची. भाची ही नक्कल मैत्रिणींसमोर हुबेहूब करी. फक्त पुढचा भाग करताना तिलाच उमासे येत. पिल्लाच्या शेपटीखाली घाण वाळून डिंकासारखी बसते, वाट बंद होते आणि पिल्लू मरतं. म्हणून मावशी कोमट पाण्यात कापूस बुडवून एकेक ढुंगण पुसत बसायची, बाळाचं पुसावं तसं. मग त्याच हातांनी गिऱ्हाइकाची कॉलर नीट करायची. हात धुतलेस का, हे भाची रोज विचारायची आणि उत्तरावर रोज अविश्वास दाखवायची.

घोळ झाला तो मावशीच्या धंद्यामुळेच. खोक्याच्या तळाशी तिनं कापड बेतायचा गुळगुळीत कागद अंथरला होता. घरात त्याची गुंडाळी पडूनच असे. त्यावर पाय घसरून घसरून तिसऱ्या दिवशी एका पिल्लाच्या तंगड्या उघड्या कात्रीसारख्या दोन बाजूंना फाकल्या. ते पोटावर सरपटायचं, स्वतःच्या घाणीत माखायचं, आणि बाकीची त्याच्या डोक्यावर पाय देऊन खाद्याकडे जायची.

मावशीनं तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. "चूक माझी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला.

कागद गेला, त्या जागी खरखरीत टॉवेल आला. भाचीचा. मग मावशीनं टेप काढला आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं पिल्लाचं माप घेतलं: दोन पायांत अंतर हवं एक इंच. अस्तराची मऊ पट्टी कापून तिनं दोन्ही पाय तेवढ्या अंतरावर बांधले.

भाचीला संधी दिसली. रविवारपर्यंत हे पिल्लू चाललं नाही तर खोका बाल्कनीत, ती म्हणाली. बाल्कनीतल्या वाऱ्यात एकही पिल्लू तगलं नसतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"आणि चाललं तर?"

"तर महिनाभर ढुंगणं मी पुसते."

मावशीनं मान डोलावली. ती दिवसातून चारदा पिल्लाला उभं करी, चोचीशी खाद्य धरी, ओली झालेली पट्टी बदली. पिल्लू उभं राही आणि तोंडावर आपटे. शनिवारीही आपटलं. भाचीनं बाल्कनी झाडून ठेवली. पण झाडताना वारा अंगाला लागला, तेव्हा तिनं खोक्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःवरच चिडली.

रविवारी मावशीनं पट्टी कापली. पिल्लू डगमगलं. मग दारू प्यायल्यासारखं एक पाऊल, मग दुसरं, करत करत टॉवेल ओलांडून वाटीपर्यंत गेलं, वाटीत चढलं आणि पाण्यात शिटलं.

यावर वाद घालायला जागाच नव्हती.

मावशीनं कापूस पुढे केला, टाचण्या परत तोंडात धरल्या आणि बोटानं त्याच पिल्लाकडे दाखवलं. "याच्यापाशून शुरू कर. आणि तोंड मिटून ठेव, उडतं."